८० पैशांची दुपार

दोन अंकांपूर्वी मी या पानावर जाता जाता लिहिलं होतं की, महावितरणचा नवा मीटर बसलेल्या घरांना दिवसा वापरलेल्या विजेवर सवलत मिळते. दोनच ओळी होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की पोस्टमन दुकानात गठ्ठा ठेवताना म्हणाला, "काकू, निवडणुकीला उभ्या राहताय की काय?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं मला जमणार नाही, कारण दिवसाला एक-दोन मोटारी भरायच्या असतात. म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवते.

नव्या वाचकांसाठी सांगते. माझं गुहागरात मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. यजमान होते तेव्हा मी गल्ला सांभाळायचे आणि रिकाम्या वेळात कॉइल गुंडाळायचे. ते गेल्यापासून २२ वर्षं सगळंच करते. त्यामुळे विजेबद्दल मला जे कळतं ते पुस्तकांतून कमी आणि जळक्या मोटारींतून जास्त आलंय.

प्रश्न : माझे जावई लोटे-परशुरामला कारखान्यात शिफ्टला आहेत. ते म्हणतात, रात्री दहानंतर वीज स्वस्त. म्हणून आम्ही सहा महिने कपडे धुणं, पंप, इस्त्री सगळं रात्री अकरानंतर करतो. झोपेचं खोबरं झालं, बिल आहे तिथंच आहे. मीटर नवा बसलाय. आमचं कुठं चुकतंय? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : गुरुजी, जावईबापू खोटं बोलले नाहीत, पण त्यांची माहिती शिळी झाली. कारखान्यांना वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात युनिटमागे दीड रुपया सवलत होती, आणि सकाळी नऊ ते बारा उलट ८० पैसे जादा पडायचे. आता सगळंच फिरलंय. घरगुती ग्राहकाकडे स्मार्ट टीओडी मीटर असेल, तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या युनिटांवर सवलत मिळते. सुरुवात ८० पैशांनी झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती एक रुपयापर्यंत वाढत जायची आहे. इथले हिशेब मी त्या ८० पैशांनीच केलेत. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, वेळेप्रमाणे दर. म्हणजे सकाळच्या ज्या वेळेला कारखानदार ८० पैसे जादा भरत होते, त्याच वेळेला आता तुमच्या घरी ८० पैसे वजा होऊ लागले.

असं का झालं? वीज काही भाताच्या कणगीत भरून ठेवता येत नाही. तयार झाली की त्याच घटकेला ती वापरली जावी लागते. बॅटरीत साठवता येते, पण ते फार महागाचं काम. पूर्वी कोळशाची वीज रात्रभर तयार होत राहायची आणि घ्यायला कुणी नसायचं, म्हणून रात्र स्वस्त होती. आता राजस्थान-गुजरातेत, आपल्याकडे घाटावरही, सौर पॅनेलांची शेतंच्या शेतं उभी राहिली आहेत. त्यामुळे दुपारी वीज उतू जाते. सूर्य कलला की ती आटते, आणि नेमकं तेव्हाच माणसं कामावरून परततात, दिवे, टीव्ही, एसी लागतात.

ती वेळ भागवायला काय करतात ते चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून तुमच्या पोफळीच्या वीजकेंद्राला उतरतं आणि यंत्रं फिरवून शेवटी वाशिष्ठी नदीला मिळतं. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा, त्यातला बहुतेक सगळा आपल्या बाजूला येणाऱ्या या पाण्यावर चालतो. कोळशाचं केंद्र तापवायला तासन् तास लागतात. पाण्याची यंत्रं काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून ती गर्दीच्या वेळेसाठी राखतात. पण ते पाणीही मोजून मिळतं. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) वळवायचं, असं कृष्णा पाणी तंटा लवादानं ठरवून दिलंय. म्हणून तुम्ही पंप संध्याकाळी सात ऐवजी दुपारी चालवावा असं वीजवाल्यांना वाटतं, आणि त्यासाठी ते ८० पैसे सोडायला तयार आहेत.

तेव्हा आजपासून रात्री झोपा. पुढच्या बिलावर टीओडीचा तपशील बघा. वेळेप्रमाणे युनिटं वेगळी दाखवलेली असतात आणि सवलत वजा झालेली दिसते. मीटर नवा असूनही ती दिसत नसेल तर जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ज्यांचा मीटर जुना आहे त्यांच्या मात्र वेळा बदलून काहीच हाती लागणार नाही, जुन्या मीटरला घड्याळ कळत नाही.

प्रश्न : सासूबाईंनी तुमचं सदर वाचल्यापासून सकाळी नवाच्या आत मिक्सर लावू देत नाहीत. घावण्यांचं पीठ, वाटप, चटणी सगळं नऊनंतर. नवरा पावणेनऊला जेवणाचा डबा घेऊन निघतो. आता मी काय करू? (कुडाळ)

उत्तर : हा अंक त्यांच्यासमोर ठेवा. मिक्सर ७५० वॉटचा धरला आणि रोज दहा मिनिटं चालला, तर दिवसाला एक अष्टमांश युनिट होतं. त्याची सवलत दहा पैसे. महिन्याचे तीन रुपये. वहिनी, तुम्ही साडेसातला वाटप करा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि ते तीन रुपये माझ्या नावावर मांडायला सांगा.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला. घराला सकाळी साडेआठला कुलूप, उघडतं ते संध्याकाळी सहाला. सवलतीच्या वेळात घरात फक्त फ्रीज जागा असतो. महिन्याला १४० ते १५० युनिटं येतात. टायमर बसवावेत का? (रत्नागिरी)

उत्तर : आधी फ्रीजचं ऐका. तो चोवीस तास चालतो, म्हणजे त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपोआप सवलतीत पडतो. रोजचं एक युनिट धरलं तर महिन्याला दहा युनिटं, आठ रुपये. ते तुम्ही काही न करता मिळतात.

आता बाकीचं. थंड पाण्यातलं एक धुणं पाव युनिटात होतं. महिन्याला पंधरा धुणी रविवारी-शनिवारी दुपारी नेलीत तरी चार युनिटं भरत नाहीत, म्हणजे तीन रुपये. इस्त्री हजार वॉटची, पण ती मधे मधे बंद होते, तासाला अर्धं ते पाऊण युनिट खाते. आठवडाभराचे कपडे रविवारी दुपारी एकदम करा. त्यात आणखी एक फायदा आहे, पुन्हा पुन्हा इस्त्री तापवावी लागत नाही. घरात कुणी नसताना टायमरवर धुण्याचं यंत्र लावून जाऊ नका. नळीचा क्लॅम्प सुटला तर तीन रुपयांच्या नादात खालच्या मजल्यावरच्यांचं छत रंगवून द्यावं लागेल.

गीझरचं बऱ्याच जणांनी विचारलंय, की दुपारी पाणी तापवून ठेवलं तर सकाळी आंघोळीला चालेल का. नाही चालणार. टाकी रात्रभर निवते, आणि बटण चालू राहिलं तर तीच पुन्हा पुन्हा तापत राहते. १५ लिटरचा गीझर एकदा पुरता तापायला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. पंचेचाळीस पैशांसाठी ही कसरत नको. संध्याकाळी कामावरून आल्यावर आंघोळ करणारे असतील तर पावणेपाचला टायमर लावायला हरकत नाही, पण तो १६ अँपिअरचा घ्या. बाजारात दोनशे रुपयांना मिळतो तो सहाचा असतो, गीझरला जोडला की वितळतो. आणि घरामागे जागा असेल, नारळाची सोडणं पडून असतील, तर आजीचा बंब माळ्यावरून खाली काढा. त्याला ना युनिट ना टायमर.

तुमच्या घरात खरा पैसा दुसरीकडे आहे. विजेचा दर टप्प्यांनी चढतो, पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, पुढे ३०१ ते ५०० आणि त्याच्यावर. शंभरच्या आतलं युनिट आणि शंभरच्या पुढचं युनिट यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) वगैरे धरला तर शंभरच्या पुढचं एक युनिट दहा रुपयांच्या वर जातं. म्हणजे तुमच्या दीडशेतली शेवटची पन्नास युनिटं महागाची आहेत. त्यांतलं एक युनिट दुपारी सरकवलंत तर ८० पैसे मिळतात, आणि वापरलंच नाहीत तर दहा रुपये.

तुम्ही घरी असता रात्री, तेव्हा वर बघा, पंखा फिरतोय. जुना पंखा ७५ वॉटचा असतो. हल्लीचा बीएलडीसी (ब्रशलेस मोटारीचा) पंखा तेवढाच वारा ३० वॉटमध्ये देतो. रात्री दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा युनिटं वाचतात, तीही शंभरच्या पुढची. सव्वाशे-दीडशे रुपये झाले. कोकणात आठ महिने पंखा लागतो. दोन-तीन वर्षांत पंख्याची किंमत वसूल होते, आणि हा हिशेब मी पंखे विकत नसताना सांगतेय हे लक्षात घ्या.

प्रश्न : २०२० च्या निसर्ग वादळात आमची पोफळीची बाग आडवी झाली. नव्यानं लावलेली रोपं आता उभी राहिलीत, पण त्यांना पाणी फार लागतं. घराच्या मीटरवर दीड एचपीचा पंप आहे, विहिरीवर. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला एकेक तास चालवतो. भर दुपारी झाडाला पाणी घालू नये असं वडील म्हणायचे. मग सवलतीसाठी काय करू? (श्रीवर्धन)

उत्तर : दादा, या सगळ्या गठ्ठ्यात वेळ बदलून खरोखर फायदा होईल असं पत्र तुमचंच आहे. म्हणून सविस्तर लिहिते. श्रीवर्धनची रोठा सुपारी पुन्हा उभी राहतेय हे वाचून बरं वाटलं, तेही सांगते. त्या जूनमध्ये माझ्याकडे तुमच्या बाजूच्या मोटारी टेंपोनं आल्या होत्या, चिखलानं भरलेल्या.

वडील बरोबरच म्हणायचे. पण सवलत काही फक्त भर दुपारी नाही, ती सकाळी नऊला सुरू होते. तुमचा सहाचा पंप नऊला चालवा, दहाला बंद करा. उन्हाला अजून धार आलेली नसते. संध्याकाळचा तास चार ते पाच असा घ्या. ठिबक असेल तर मधल्या वेळीही चालतं, पाणी थेट मुळाशी जातं. उंचावर टाकी असेल तर दुपारी ती भरून ठेवा आणि सात वाजता नुसती चावी सोडा. दीड एचपीची मोटार तासाला साधारण दीड युनिट घेते. तुमचे रोजचे दोन तास, म्हणजे तीन युनिटं, महिन्याला नव्वद. नव्वद गुणिले ८० पैसे, ७२ रुपये. बागेचा व्याप मोठा असेल तर शेतीचं वेगळं कनेक्शन घेणंच योग्य, त्याचा दर आणि नियम वेगळे, तिथं हे गणित लावू नका.

पण मला या ७२ रुपयांपेक्षा मोठी गोष्ट सांगायचीय. ती बिलावर दिसत नाही, माझ्या दुकानात दिसते.

एप्रिल-मे आला की माझ्या दारात मोटारींची रांग लागते. परवाच वेळणेश्वरकडून एक आली. कव्हरचे चार बोल्ट काढले आणि झाकण उचललं, तर वार्निशचा तो जळका, कडवट वास. एकदा नाकात गेला की दुपारच्या जेवणालाही तोच लागतो. आतली तार वाइंडिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी काळी. स्लॉटमधला कागद बोटानं दाबला तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला. फक्त स्टार्टिंगची वाइंडिंग काळी असती तर मी कपॅसिटरला दोष दिला असता. सगळी सारखी काळी याचा अर्थ मोटार बराच काळ कमी व्होल्टेजवर कुंथत होती. मी विचारलं, "पंप कधी लावता?" "सातला, सगळ्यांचं आटपल्यावर."

सातला सगळ्यांचंच आटपतं ना. त्याच वेळी वाडीतले सगळे पंप, मुंबईकरांनी उघडलेल्या घरांतले एसी, गीझर, सगळं एका ट्रान्सफॉर्मरवर येतं. व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरलं की मोटारीची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी पडते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पाणी मात्र तेवढ्याच खोलीतून उचलायचं असतं. मग ती जास्त अँपिअर ओढते, आणि तार तापते. तेवढ्यात बंद पडली तर ठीक, नाहीतर माझ्याकडे येते. मोटार भरायला हजारांत पैसे जातात, शिवाय चार दिवस झाडं तहानलेली. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना सवलत सुरू व्हायच्या आधीपासून सांगत आलेय की संध्याकाळी सात ते दहा पंपाला हात लावू नका. ८० पैसे आत्ता आले. घरात एक व्होल्टमीटर बसवून घ्या, दीड-दोनशेची वस्तू आहे. २०० च्या खाली काटा दिसला तर स्टार्टर दाबूच नका.

आता माझा स्वतःचा हिशेब. मीटरशेजारी मी कॅलेंडर टांगलंय, रोज सकाळी आकडा लिहिते. माझ्याकडेही दीड एचपीचाच पंप, पंधरा माड, थोडी पोफळ, केळी. एका एप्रिलात १६२ युनिटं आली. त्यातली ९७ एकट्या पंपाची, कारण तो रोज दोन तास दहा मिनिटं चालत होता. मला वाटलं, उन्हाळा आहे, चालायचंच. मग एके दिवशी पंप बंद केल्यावर विहिरीकडे कान दिला, तर पाईपातून पाणी खाली परत पडल्याचा आवाज. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपाच्या तळाची झडप, गळत होता. दुसऱ्यांच्या मोटारी भरणारी मी, आणि माझ्याच विहिरीत ही गत. फूटव्हॉल्व्ह बदलला, जाळीत अडकलेला पाला काढला, आणि घासलेला इंपेलर (पाणी ढकलणारा पंख्यासारखा भाग) नवा घातला. तेवढंच पाणी आता एक तास पंचवीस मिनिटांत. रोजचं एक युनिट आणि वर थोडं वाचलं, महिन्याला तेहतीस, सगळी शंभरच्या पुढची. म्हणजे सव्वातीनशेच्या वर रुपये. उरलेली चौसष्ट युनिटं नऊनंतर सरकवल्यावर सवलतीचे एक्कावन्न मिळाले. दोन्ही घ्यावेत, पण आधी विहिरीत उतरा. तुम्ही नाही, विहिरीत उतरणारा माणूस बोलवा.

टायमर लावणार असाल तर तो थेट मोटारीला जोडू नका, कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे मोठा करंट झेलणाऱ्या स्विचमधून जोडा. मोटार सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट घेते आणि टायमरचे काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात. हे मला माहीत होतं. तरीही गेल्या उन्हाळ्यात "दोन दिवसांचा तर प्रश्न" म्हणून मी थेट जोडला आणि हेदवीला लग्नाला गेले. टायमरनं एक वाजता पंप लावला, दोनला बंद करायचा होता. संध्याकाळी परतले तर टाकी भरून वाहून गेलेली, पाटातून पाणी शेजारच्या खळ्यात, आणि वहिनींची वाळत घातलेली आमसुलं त्यात पोहतायत. विहिरीनं तळ दाखवला होता, पंप कोरडाच गरगरत होता. वहिनींना माझ्या घरची दोन किलो आमसुलं दिली, वर आठवडाभर टोमणे ऐकले. ड्राय रनचं संरक्षण असलेला स्टार्टर मी त्यानंतर बसवला, तुम्ही आधीच बसवा. मे महिन्यात श्रीवर्धनच्या विहिरींचा काय भरवसा.

प्रश्न : तारकर्लीला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणे दिवसभर समुद्रावर, रात्री एसी लावून झोपतात. शिवाय मासळीसाठी डीप फ्रीजर. फ्रीजरला टायमर लावून संध्याकाळी बंद ठेवला तर? (मालवण तालुका)

उत्तर : मासळीच्या फ्रीजरला टायमर नको. सुरमई एकदा नरम पडून परत गोठली की चव जाते, आणि पाहुण्याचं पोट बिघडलं तर वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातील. एवढं करा. बाजारातून आणलेली ताजी मासळी दुपारी फ्रीजरमध्ये टाका, संध्याकाळी नको. गोठवण्याचं मोठं काम तेव्हाच होतं. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या दुपारी गोठवून ठेवल्या तर रात्री झाकण उघडलं तरी थंडावा टिकतो, आणि वीज गेली तर आणखीच उपयोगी. बर्फ लागत असेल तोही दुपारचाच.

एसी रात्रीच लागणार, त्याला इलाज नाही. तापमान १८ ऐवजी २६ वर ठेवा आणि वर पंखा लावा. पाहुणे कटकट करतील तेव्हा सांगा की मालवणच्या दमटपणात अंगाला वारा लागणं महत्त्वाचं. चादरी-टॉवेल धुणं मात्र पूर्ण दिवसात आणा. चार खोल्या रोज रिकाम्या होत असतील तर तीन-चार धुणी होतात. आणि सकाळच्या आंघोळीच्या पाण्यासाठी छपरावर सौर बंब बसवा. खर्च एकदाच, पावसाळ्यात मात्र तो झोपतो. पाहुणे सकाळी आठला एकदम गरम पाणी मागतात, चार गीझर एकाच वेळी म्हणजे आठ किलोवॉट. त्यात सवलत नाही आणि मेन स्विचही कण्हतो.

तुमचं बिल कुठल्या वर्गवारीत येतं ते आधी बघा. व्यावसायिक असेल तर वरची घरगुती सवलत तशीच्या तशी लावू नका, तिथले आकडे वेगळे.

प्रश्न : नवा मीटर जोरात पळतो अशी आमच्या वाडीत ओरड आहे. खरं-खोटं घरच्या घरी कळेल का? (देवगड)

उत्तर : बऱ्यापैकी कळेल. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एक आकडा छापलेला असतो, एका युनिटाला किती लुकलुक ते. समजा ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसकट. फक्त बादलीत टाकायची हजार वॉटची कॉइल चालू करा, पाणी भरलेल्या बादलीत, आणि पाण्याला हात लावू नका. आता घड्याळ लावून एक मिनिट लुकलुक मोजा. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान आली पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर थोडी कमीच येईल. सत्तर-ऐंशी आली तर लेखी तक्रार करून मीटर तपासून मागा.

नंतर कॉइलही काढा. सगळं बंद असताना दिवा दर थोड्या वेळानं लुकलुकत राहिला, तर वीज घरातच कुठंतरी गळतेय. समुद्रकाठच्या घरांत हे फार आढळतं. खाऱ्या हवेनं बोर्डातले स्क्रू हिरवे पडलेले असतात, पडवीतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. एका घरात गोठ्यातल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि घरचे म्हणायचे की नवा मीटर चोर आहे. गोठ्याकडची एक वायर कापून टाकली आणि मीटर गप्प झाला. जुन्या मीटरला ही गळती दिसत नव्हती, नव्याला दिसते, एवढंच. अशा घरात अर्थिंग आणि गळतीला बंद पडणारा ईएलसीबी बसवून घेणं बिलासाठी नाही तर माणसांसाठी गरजेचं आहे.

जुना इन्व्हर्टरही बघा. बॅटरी थकली की ती भरतच नाही आणि चार्जर रात्रंदिवस ओढत राहतो.

प्रश्न : पावसाळ्यात ऊन नसतं. मग तेव्हा ही सवलत बंद होते का? (कणकवली)

उत्तर : नाही. मीटर आकाशाकडे बघत नाही, घड्याळ बघतो. आषाढात दिवसभर अंधारून आलं तरी नऊ ते पाच सवलत असते. फक्त ढग गडगडू लागले की पंपाचा मेन स्विच पाडा आणि टीव्हीची केबल काढा, मग दुपारचे दोन वाजलेले असोत की चार. वीज कोसळल्यावर जळालेली मोटार मी भरून देते, पण टीव्ही मला भरता येत नाही.